एकतिसावं पान

यादीत तीस लिहिलेत.
मी दोनदा मोजले, बोटाला पाणी लावून, मग कोरड्या बोटानं.
एकतीस.

निपाणीत मी पानावर पैसे घेते.
मराठीचं कन्नड करायला पानाला सत्तर,
मोडी असेल तर दीडशे.
कोर्टाला कन्नड लागतं, माणसांच्या ट्रंकेत कागद मराठी,
या फटीत माझं घर चालतं.

हिरेमठ वकिलांनी पाठवलेला गठ्ठा,
समोरच्या बाजूनं रीतसर दिलेल्या नकला.
दावा अक्कोळ रोडच्या पत्र्याच्या वखारीचा.
बेळवीबाई म्हणतात, विकत घेतली.
भूपाल खोत म्हणतात, विकलीच नाही,
करारावरची सही खोटी.
उतारा, घरफाळा, वीजबिलं, तंबाखूच्या पट्ट्या,
आणि सतरा-अठराच्या मधे
कुणाच्या तरी अंगठ्याच्या काळ्या सावलीसकट
हे:

"चौगुले वकीलसाहेबांस,
तुम्हाला म्हणून सांगतो, घरात कुणाला ठाऊक नाही.
सही माझीच आहे."

चौगुल्यांचा कारकून पोरगा माझ्या ओळखीचा.
झेरॉक्सवाल्याकडं लाईट येते-जाते,
घाईत त्यानं फायलीची दोरी सोडली असेल,
डावीकडचं उजवीकडं गेलं असेल.
एवढंच.
दावं सुटलेल्या म्हशीसारखं एक पान
दुसऱ्याच्या गोठ्यात येऊन उभं राहिलं.

डोळ्यांचं काय करायचं पण?
इतक्या वर्षांची खोड, वाचलं की वळतंच:
सही नन्नदे.
सही दोन्हीकडं सहीच.
वकील वकीलच, कागद कागदच,
तकरारीला नुसता एक उकार लागतो.
गुपिताचं मात्र गुट्टु होतं,
ओठ आवळल्याशिवाय तो शब्द संपत नाही.

हिरेमठांना फोन लावला.
"एक पान जास्तीचं आलंय, साहेब. त्यांच्या वकिलाला लिहिलेलं."
बराच वेळ नुसता तिकडच्या पंख्याचा आवाज.
"कुठवर वाचलंत?"
"तिसऱ्या ओळीपर्यंत."
"मला सांगू नका," ते म्हणाले.
मग थांबून, हळू, "सांगू नका."
दुसऱ्यांदा ते कुणाला म्हणाले, कळलं नाही.

पाकीट केलं. डिंक लावला.
वर लिहिलं: चुकून आलेलं, परत.
खाली अजून चार बोटं मजकूर होता,
पान पालथं धरूनच घडी घातली,
तरी खिडकीच्या उजेडात, उलट्या अक्षरांत,
"ऑपरेशन" एवढं दिसलंच.

बिल तीस पानांचं केलं.

सात महिन्यांनी साक्ष.
खोतांना कन्नड येतं ते बाजारापुरतं,
शपथेवर मराठीच बोलणार म्हणाले.
दुभाष्या हवा. निपाणीत दुसरं आहे कोण?
मीही शपथ घेतली, जे ऐकेन तेच सांगेन.

हिरेमठांनी करार पुढं धरला. आवाज नेहमीचा,
जसा कुणालाही विचारतील तसा.
"ई सही निम्मदा?"
"ही सही तुमची का?" मी म्हणाले.

खोतांनी सहीकडं पाहिलं नाही,
चौगुल्यांकडंही नाही.
माझ्याकडं पाहिलं.
तेव्हा आठवलं, पाकिटावरचं अक्षर माझं होतं.

"नाही," ते म्हणाले. "माझी नाही."

हिरेमठ चष्मा पुसत होते,
पुसलेलाच पुन्हा.
चौगुल्यांनी फायलीची दोरी घट्ट ओढली.
टायपिस्टची बोटं अधांतरी, माझ्यासाठी थांबलेली.

"अल्ल," मी म्हणाले, "नन्नदल्ल."
शब्दाला शब्द. एक काना इकडचा तिकडं नाही.
बोटं खाली आली.